मालेगावपासून पुढे

नाही नाही, पाय मागे घेऊ नका, भाऊ, राहू द्या परातीत. कोमट पाणी आहे, मीठ टाकलंय, आधी झोंबेल आणि मग बरं वाटेल. बस ना? आहे की बस. मालेगावची साडेपाचला, इथं मंडपासमोर हात दाखवला तरी थांबते. आत्ता कुठे साडेचार होताहेत. आणि एवढं हळू बोलायची गरज नाही, तुमची सावद्याची माणसं सगळी आडवी झालीत — ते आबा बघा, तोंडावर टोपी टाकून घोरताहेत. त्यांना कळणार नाही म्हणता? नाही कळणार. सांगायचं, मी पुढच्या लोकांबरोबर जातो, मालेगावला गाठ पडेल. तिथं एखाद्या हॉटेलात बसायचं, परवा ते आले की त्यांच्यात मिसळायचं. सोपं असतं ते. मी अडवत नाही तुम्हाला. अडवणारा मी कोण? इथं धुळ्यात पुखराज शेठच्या दुकानात कापड मोजणारा माणूस मी, यात्रेच्या दिवसांत शेठ मला इथं पाठवतात. बाकीचे ताक वाटतात, चहा वाटतात, मी पाय धुतो. तेवढंच आपलं काम.

डावा पाय द्या इकडे, मांडीवर ठेवा — ठेवा हो, पायजमा धुता येतो. हे पाहा, टाचेला मोठा फोड आणि करंगळीखाली दोन. तुम्ही भार डाव्यावर टाकून चालता, बरोबर? लहानपणी कधी पडला होता? मग बैलानं पाय दिला असेल. असो, नका सांगू. पायावरून कळतं मला, सहा वर्षं हेच करतोय. फोड नुसता टोचून फोडायचा नसतो. सुईत दोरा ओवायचा, आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा — पाणी दोऱ्यावाटे गळतं, वरची कातडी जागेवर राहते. कातडी गेली की संपलं, मग चैत्रातल्या डांबरावर पाय टेकवत नाही. ओरडा, ओरडायला काही हरकत नाही. काल पारोळ्याचा एक पैलवान बसला होता इथं, मांडी एवढी, सुई दिसल्याबरोबर आई आठवली त्याला.

ती म्हातारी दिसते का, खुर्चीवर, डोळ्यांपर्यंत पदर? भंवरीबाई, शेठची आई. मंडप तिच्या हट्टानं उभा राहतो. त्यांचा धर्म वेगळा, त्या कधी सप्तशृंगीच्या गडावर गेलेल्या नाहीत, त्यांची यात्रा पालिताण्याची. मी एकदा विचारलं, बाई, तुम्हाला काय आमच्या देवीचं? तर म्हणाल्या, "वना, मी तिथला डोंगर डोलीत बसून चढले. गुडघे गेले होते. चार माणसांच्या खांद्यावर सामानासारखी गेले. वर पोचल्यावर ते चौघे घाम पुसत बसले, मी आत जाऊन हात जोडले. तेव्हापासून चालणारा माणूस दिसला की मला वाटतं, ह्याला पाणी पाजावं." आता सांगा, डोलीत बसल्या म्हणून त्यांना कुणी नावं ठेवली का? नाही. सगळ्यांना दिसत होतं ना त्या डोलीत आहेत ते. झाकलं नव्हतं काही. फरक तेवढाच असतो — असं मला वाटतं, मी काय शिकलेला नाही.

म्हणून म्हणतो, जायचं तर बसनं जा, पण एक सांगा, कुणाच्या नावानं चालताय? स्वतःच्याच? मग ठीक. मग तुमचं आणि देवीचं काय ते तुम्ही दोघं बघून घ्या. नाही, मी का विचारलं — आमच्या गावचा एक पोरगा होता. गाव इथून दोन कोस आत. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, आठवीतून शाळा सोडलेली, चार माणसांत बोलायचं म्हटलं की कान लाल व्हायचे. त्याचा एक दोस्त होता, हिलाल. एका बाकावर बसायचे, एका दिवशी शाळा सोडली. हिलालला ताप आला, डोक्यात गेला. एकोणीस दिवस डोळे उघडले नाहीत त्यानं. त्याची आई, झुंबरबाई — नवरा नाही, दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणारी बाई — तिनं पदर पसरला, म्हणाली, सप्तशृंगी माय, मना हिलाल उठना ना, तर तो अनवाणी चालत तुझ्या गडावर येईल. आणि उठला हो तो. विसाव्या दिवशी पाणी मागितलं. पण उठला तो डावा पाय ओढतच. आमच्या गावचा छगन आहे, झेंडा तोच धरतो, त्याची जीभ म्हणजे काही विचारू नका — तो म्हणाला, "पोरले देवीनी उठाडं, चालाडाना इसरी गयी." उठवलं, पण चालवायचं विसरली. लोक हसले. झुंबरबाईही हसली थोडी. पोरगा जिता होता, तिला काय.

पण नवस तर बोललेला. तो कसा फेडायचा? आमच्या गावात रीत आहे — तुमच्याकडे आहे की नाही माहीत नाही — ज्याच्यानं चालवत नाही त्याच्या नावानं दुसरा चालतो. ज्याचा नवस त्याचाच सदरा अंगात घालायचा. आणि गावाची वेस ओलांडली की परत येईपर्यंत चालणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारायची नाही, ज्याच्यासाठी चालतोय त्याच्या नावानं मारायची. जेवायला बसा हिलाल, पाणी घे हिलाल. चुकून खरं नाव कुणी घेतलं तर त्यानं ओ द्यायची नाही. मारुतीच्या पारावर बैठक बसली, झुलाल आबांनी विचारलं, हिलालच्या नावानं कोण जातं? भाऊबंद होते, सगळे जमिनीकडं बघत होते, कापणी-मळणीचे दिवस, कुणाला सवड. आणि हा मागं उभा होता, खांबाला टेकून, हा म्हणाला, मी जातो. एवढं मोठं वाक्य त्यानं बैठकीत पहिल्यांदा उच्चारलं असेल. सगळ्यांनी माना वळवून बघितलं. त्याला फार बरं वाटलं. आता मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, नवसापेक्षा त्या बघण्यासाठीच तो म्हणाला असेल. माणूस कशाकशासाठी यात्रेला निघतो, सांगता येतं का? आता हे जीपवाले जातात, टपावर कर्णा, आत कॅसेट, सकाळी निघून रात्री घरी — त्यांनाही काहीतरी पाहिजेच असतं. आपण हसायचं नाही कुणाला.

हं, उजवा द्या. ह्याला एकच आहे. तर, झुंबरबाईनं सदरा दिला, धुऊन, खांद्यात जरा घट्ट होत होता. लाल फडक्यात नारळ बांधून दिला. हिलाल वेशीपर्यंत आला लंगडत, म्हणाला, "जाय भो, मना पाय लई जाय." माझे पाय घेऊन जा. हसत म्हणाला. आणि निघाले सगळे. दोन दिवस हा चालला, चांगला चालला. आर्वी, झोडगे, मालेगाव. दुसऱ्या दिवशी तळपायाला फोड आले, दुपारपर्यंत फुटले. डांबर असं मऊ झालं होतं की पावलांचे ठसे उमटत होते. मालेगावला पुलाच्या अलीकडे दुपारची विश्रांती होती, चिंचेखाली. तुमच्या माणसांसारखीच सगळी माणसं झोपलेली. हा लघवीला म्हणून उठला. रस्त्याच्या कडेला टायरचं दुकान, तिथं एक ट्रक थांबलेला, पंक्चर काढून झालेलं, ड्रायव्हर चढत होता. ह्यानं विचारलं, कुठं? तो म्हणाला, कळवण. त्यानं काही ठरवलं नव्हतं हो. पाय टेकवत नव्हता, एवढंच डोक्यात होतं. वाटलं, देवळ्यापर्यंत जाऊ, तिथं उतरून थांबू. झोपेतल्या एकाला हलवून सांगितलं, मी पुढच्या लोकांबरोबर निघतो. तो झोपेतच म्हणाला, हां हिलाल, जा. आणि मग देवळा आलं तर मी उतरलोच नाही, केबिनमध्ये वारा लागत होता, पाय वर घेऊन —

तुम्ही हसलात. हसा. मघाशीच कळलं असेल तुम्हाला, मीच काय ते समजत होतो की कळत नाही. हो. मीच तो. दुसऱ्या कुणाचं एवढं बारीक कोण लक्षात ठेवतं. ड्रायव्हरनं नाव विचारलं, तर मी काय सांगावं? हिलाल. दोन दिवसांची सवय, तोंडातून तेच आलं. माझं नाव सांगितलं असतं तर निदान ट्रकमध्ये वना बसला असता. तेही नाही.

कळवणहून पुढं नांदुरीला गेलो, आणि तिथं, गडाच्या पायथ्याशी, तीन दिवस काढले मी. खरं सांगू का? मजेत काढले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वाटेल तुम्हाला, बिचारा तळमळत बसला असेल — कसला तळमळतो. गरम भजी खाल्ली, न्हाव्याकडं दाढी केली, झाडाखाली पडून राहिलो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना म्हणायचो आमची माणसं मागं आहेत, मी जागा धरून बसलोय. फोड वाळले. तिसऱ्या दिवशी आमचे लोक आले, एकेकाचे पाय असे सुजलेले, छगन तर म्हाताऱ्यासारखा काठीवर. मला बघून म्हणाला, "हिलाल्या, तू तर सगळ्यांच्या पुढं. देवीनं ओढून नेलं तुला." आणि झेंडा माझ्या हातात दिला. पायऱ्या मी झेंडा घेऊन चढलो. वर ती एवढी मोठी देवी, शेंदरानं लालभडक, सगळे हात शस्त्रांनी भरलेले — मी मान वर केली नाही. पुढच्या माणसाच्या टाचा बघत होतो. टाचांना चिरा पडल्या होत्या, त्यात धूळ. नारळ फोडणाऱ्यानं विचारलं, कुणाच्या नावाचा? म्हटलं, हिलाल.

परतताना सगळे गाडीनंच येतात. वेशीवर बायका पाणी घेऊन उभ्या असतात, ज्याच्या घरचा नवस त्या घरच्या बाईनं चालणाऱ्याचे पाय धुवायचे. झुंबरबाईनं मला पाटावर बसवलं. तिनं तळवा हातात घेतला, आणि भाऊ, तिचा अंगठा थांबला. मी बघत होतो. जुने फोड हाताला लागले, फुटून वाळलेले, आणि त्यांच्यावर नवी कातडी धरलेली. चालणाऱ्याच्या पायाला नवी कातडी धरायला सवड कुठून मिळते? आता मला कळतं हे, रोज शंभर पाय हातात येतात. तिला तेव्हाच कळलं, तिचा जन्म अनवाणी गेला होता. अंगठा थांबला, तेवढंच. मग तिनं दुसरा पाय धुतला, कुंकू लावलं, आणि रीतीप्रमाणे ओंजळभर पाणी घेऊन प्यायली. माझ्या पायाचं. सगळं कळूनसुद्धा प्यायली ती. लोक बघत होते ना — तिनं प्यायलं नसतं, तर लोकांनी विचारलं असतं.

त्यानंतर मी गावात राहिलो नाही. शेठकडं काम मिळालं हे निमित्त. पुढच्या चैत्राच्या आधी पंधरा दिवस ती दुकानात आली. देवीला खण पाहिजे म्हणाली. शेठनं बसायला दिलं, पाणी दिलं. मी खण काढले, हिरवा, जांभळा, एकीकडं मीटरनं दुसऱ्या गिऱ्हाइकाचं कापड मोजत होतो. आणि ती अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं म्हणाली, "वना, तू कोठलगून चालना व्हता?" कुठपर्यंत चालला होतास. माझे हात मोजतच राहिले. मी म्हटलं, मालेगाव. पुलाच्या अलीकडे, टायरचं दुकान आहे तिथपर्यंत. ती म्हणाली, "बरं." हिरवा खण घेतला. घडी नीट घाल म्हणाली, आणि गेली. रागावली असती तर — नाही, रागावली नाही.

आणि मग तिनं काय केलं माहीत आहे? गावाबरोबर निघाली नाही. एसटीत बसली, मालेगावला उतरली, विचारत विचारत त्या टायरच्या दुकानापाशी गेली, तिथं पायातल्या चपला काढल्या, पिशवीत टाकल्या, आणि तिथून पुढं चालली. ओळखीचं कुणी नाही, पारोळ्याच्या बायकांबरोबर. माझं जेवढं राहिलं होतं तेवढंच चालली ती, बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. नवस पुरा केला. साठीची बाई.

थांबा, पट्टी बांधून होऊ द्या. अजून आहे. खरं तर इथं थांबायला पाहिजे मी, इथपर्यंत ऐकलं की लोक म्हणतील, चूक झाली, पश्चात्ताप झाला, पाय धुतो बिचारा. पण ते तसं नाही. ती परत आली, तर गावात बातमी आधीच पोचलेली — झुंबरबाई मालेगावपर्यंत एसटीनं गेली. कुणीतरी स्टँडवर उतरताना बघितलं होतं. शिमग्याला हसत नसतील एवढे लोक हसले. मी त्या दिवशी गावात होतो. वेशीवर गेलो होतो. वाटलं होतं, पाटावर तिला बसवावं, पाय आपण धुवावेत, माझ्या वाटचं चालली होती ती, रीतीप्रमाणे ते माझं होतं. छगन म्हणाला, "काय आक्का, अर्धं तिकीट काढलं का? पुढच्या वर्षी थेट गडाचंच काढ, पायऱ्या तेवढ्या चढ." सगळे हसले. आणि मी पण हसलो. मोठ्यानं नाही — पण हसलो. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि छगनला म्हणाली, "म्हातारपण शे भाऊ, होत नाही." बस्स. दुसरं काही नाही. एक शब्द बोलली असती तर सगळ्या गावानं माझ्याकडं माना वळवल्या असत्या. मी मागं सरकलो, लिंबाच्या आड. हिलाल आला पाय ओढत, कसाबसा खाली बसला, आणि त्यानं आईचे पाय धुतले.

अजून तिला 'एसटीवाली' म्हणतात गावात. पोरंसोरं म्हणतात. आणि मला? मी कधी गेलो तर छगन म्हणतो, आमचा वना म्हणजे देवीनं ओढून नेलेला माणूस. म्हणून मी जात नाही. दोन कोस आहे गाव, सायकलनं अर्धा तास, त्या दिवसानंतर तीनदाच गेलोय, तेही मयताला. दर चैत्रात आमच्या गावचे लोक इथूनच जातात, ह्याच मंडपात ताक पितात. मी त्या वेळी दुकानात जातो, मागं, कापडाचे गठ्ठे लावतो. भंवरीबाईंनी ओळखलंय ते. विचारत नाहीत. म्हाताऱ्या बायका विचारतच नाहीत, भाऊ, तेच तर.

तर काल हिलाल आला दुकानात. त्याला काही माहीत नाही, आईनं सांगितलेलंच नाही त्याला. म्हणाला, आई यंदा निघणार आहे गावाबरोबर. म्हटलं, काय बोलतोस, तिला धड उभं राहवत नाही. तर म्हणाला, गडापर्यंत नाही, धुळ्यापर्यंत. मंडपापर्यंत चालणार आणि तिथून मी तिला परत नेणार. म्हटलं, कसला नवस आहे? म्हणाला, नवस नाही काही, म्हणते वनाले भेटानं शे, पायी जासू. मला भेटायचंय तिला. चालत. आता मी काय समजू? काही विचारायचं असेल? काही सांगायचं असेल? की काहीच नसेल, नुसतं बघायचं असेल मी कसा आहे ते? रात्रभर झोप नाही. सकाळपासून दोनदा उठलो, दुकानाकडं निघालो, पुन्हा येऊन पराती घासत बसलो. आणि ती आली तर छगन तोंड उघडणारच, धुळ्यापर्यंतचं तिकीट काढलं नाही का आक्का, असं काहीतरी. आणि सगळे हसतील. आणि मग मी —

तुम्ही कशाला डोळे पुसताय? तुम्हाला सांगायला नको होतं. तुम्ही फक्त बसचं विचारलं होतं. सावद्याच्या माणसाला काय करायचंय आमच्या गावचं. बसनं जा, खरंच जा, स्वतःच्या नावानं चालणाऱ्याला सगळं माफ असतं. नाहीतर तुमच्या आबांना उठवून सांगा, पाय गेलेत, मी बसनं जातो. सांगून जा. एवढंच करा, बाकी काही नाही.

हलगी ऐकू येते का तुम्हाला? पुलाकडून. आमच्याच गावची, ती पोरं अशी चुकतमाकत वाजवतात. आज लवकर आले. झेंडा दिसतोय, छगन पुढं आहे. आणि मागं, खूप मागं — हिलाल आहे तो, चालीवरून कळतो. त्याच्या हाताला धरून —

उठा, भाऊ. नाही, माझ्या पाया नका पडू, एवढं ऐकून पाया पडता? दोरा काढू नका उद्यापर्यंत. ती घागर द्या इकडे, ताजं पाणी घेऊ द्या मला. जा आता. जा म्हणतो ना, बाक मोकळं करा.